मागून आवाज येतोय!

द्राक्षाचा हंगाम सरला, बेदाणा शेडवरून उतरून कोल्ड स्टोरेजला गेला, की आमच्या कुपवाडच्या गॅरेजात आणि या सदराच्या टपालात एकच रड सुरू होते: मागून आवाज येतोय. हंगामात कुणाला ऐकायला सवड नसते. आवाज तेव्हाही असतोच, पण टेपचा आवाज वाढवला की तो दबतो. या महिन्यात आलेल्या पत्रांतली बरीचशी पिकअपवाल्यांची आहेत, म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले. स्कूटरवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न: माझी पिकअप चार वर्षांची आहे. हंगामात तासगाव, सांगली मार्केट यार्ड आणि अधूनमधून पुण्यापर्यंत माल असतो. दोन-तीन महिने झाले, पन्नासच्या पुढं गेलं की मागून ‘घूंऽऽ’ आवाज येतो आणि सीटखाली थरथर जाणवते. साठ-पासष्टला सगळ्यात जास्त, त्यापुढं कमी. क्लच दाबून न्यूट्रलला सोडली तरी आवाज आहे तसाच. पहिल्या गिअरला गाडी उचलताना आणि रिव्हर्स टाकताना ‘खट्’ असा एक ठोका बसतो, तो वेगळाच. माल भरलेला असला की घूं जवळजवळ बंद. एका गॅरेजमध्ये मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं बदलली, फरक काही नाही. आता ते म्हणतात क्राऊन-पिनियन (मागची चाकं फिरवणारी दातेरी जोडी) गेलं, हौसिंग (ती जोडी असलेलं मागचं लोखंडी घर) उघडावं लागेल. खर्च मोठा सांगितलाय. या हंगामाआधी मागं दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) टाकून घेतला होता, गाडी छान उंच झाली, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा. हौसिंग उघडू का? – एक बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर: नका उघडू. निदान आत्ता तरी नको. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटून दुसरं आहे, आणि तेच तुम्ही ‘संबंध नसावा’ म्हणून ढकलून दिलंय.

माझ्याकडं गाडी आली की आवाज कुठून येतो हे मी आधी विचारतच नाही. पत्र्याची केबिन आणि लोखंडी चासी, आवाज कुठूनही निघून कुठंही ऐकू येतो. उजव्या शॅकलचा (पाट्यांचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचा) आवाज डावीकडून येतोय असं शपथेवर सांगणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. मी विचारतो, कधी येतो? भरलेल्या गाडीत की रिकाम्या, रेस देताना की सोडताना, सरळ की वळणावर, कोणत्या वेगाला? तुम्ही यातलं बरंचसं न विचारता लिहिलंत. त्यावरच निम्मं काम होतं.

क्राऊन-पिनियनचं दुखणं रेस देताना आणि सोडताना सूर बदलतं. दात एका बाजूनं घासले असतील तर रेस दिल्यावर किंकाळी येते आणि पाय काढला की ती थांबते, किंवा बरोबर उलटं होतं. शिवाय माल भरला की दातांवर जोर वाढतो, मग आवाज वाढायला हवा. चाकाच्या बेअरिंगचंही तेच: खराब बेअरिंग वजनाखाली जास्त बोंबलतं. तुमची गाडी वजनाखाली गप्प होते. म्हणजे बेअरिंग बदलायचा निर्णय पत्रातल्या त्या एका गोष्टीवरूनच चुकीचा ठरत होता. तुमच्या मिस्त्रींना दोष देत नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून घाई करतं तेव्हा सगळ्यात लवकर खोलता येणारी वस्तू पहिल्यांदा बदलली जाते, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे.

आता तो पाटा. गिअरबॉक्सपासून हौसिंगपर्यंत जाणारा शाफ्ट तुमच्या गाडीत बहुधा दोन तुकड्यांचा आहे. मधे त्याला पेलणारं सेंटर बेअरिंग आणि जोडांवर क्रॉस, म्हणजे कोनात वाकूनही फिरणारे सांधे. क्रॉसचा एक स्वभाव आहे. शाफ्ट सरळ रेषेत असेल तर तो शांत असतो. कोनात असेल तर पुढचं टोक एकसारखं फिरत असलं, तरी मागचं टोक प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढं धावतं आणि दोनदा मागं रेंगाळतं. कंपनी दोन टोकांचे कोन असे जुळवते की एका क्रॉसनं केलेला घोळ दुसरा निस्तरतो. जादा पाटा टाकला की रिकामी गाडी मागून वर उचलली जाते, शाफ्ट जास्त तिरका होतो. कमान बदलल्यानं हौसिंगचं नाकही थोडं फिरतं आणि दोन टोकांचं गणित बिघडतं. माल भरला की गाडी बसते, कोन पुन्हा जागेवर येतात आणि आवाज जातो. तुमची ‘छान उंच’ झालेली गाडी शाफ्टच्या दृष्टीनं छान नाही.

याला आकड्यांचाही आधार आहे. २१५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.२ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे साडेसात फेरे मारतं. हौसिंगचा रेशो चारच्या आसपास धरला तर शाफ्ट सेकंदाला तीस फेरे मारतो, आणि प्रत्येक फेऱ्याला दोन धक्के म्हणजे सेकंदाला साठ. साठ धक्के कानाला सुटे ऐकूच येत नाहीत, त्यांची ‘घूं’ होते. चाकाचा दोष असता तर साडेसातचा ‘धपधप’ असा ठोका आला असता, तो मोजण्याइतका सुटा असतो. तुमचा टायर वेगळ्या मापाचा असला तर आकडे थोडे हलतील, फरक तोच राहील.

खात्री कशी करायची? आधी फुकटातलं. स्टेपनी काढून केबिनमध्ये ठेवा, फाळक्याच्या साखळ्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा, हौद्यातले पाने-दोर काढा. ‘हौसिंग गेलं’ म्हणून आलेल्या गाडीत स्टेपनीचा ढिला स्टँड निघाला की गिऱ्हाईक दोन मिनिटं माझ्याकडं बघतच राहतं. मग कवठेमहांकाळच्या दिशेनं रत्नागिरी-नागपूर महामार्गावर पहाटे जा, रस्ता चांगला आणि मोकळा असतो. साठला धरा, रेस सोडा, पुन्हा द्या. सूर बदलला नाही तर क्राऊन-पिनियनवरचा संशय आणखी कमी करा. खडबडीत डांबर आणि गुळगुळीत पट्टा यांत आवाज बदलला तर टायर बघा. आवाज ऐकायला हौद्यात पोरगं बसवू नका. कायद्यालाही ते चालत नाही आणि मलाही नाही. मोबाइल रेकॉर्डिंगला लावा, जुन्या कापडात गुंडाळून हौद्याच्या एका कोपऱ्यात बांधा, मग दुसऱ्या कोपऱ्यात. घरी येऊन दोन्ही ऐका.

त्यानंतर गाडी सपाट जागी लावा, पुढच्या चाकांना दगड लावा, मागून उचला आणि घोडीवर (गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. हे दरवेळी लिहितो आणि दरवेळी लिहीन. सेंटर बेअरिंगच्या रबराला टॉमी (लोखंडी पहार) लावून हळूच उचला. रबर फाटलेलं असेल तर शाफ्ट सैल लोंबतो. कोनाच्या मारानं हे रबर आधी जातं, त्यामुळं ते गेलेलं निघालं तर नवीन टाका, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. कारण तिथंच राहिलं तर नवीन रबरही त्याच वाटेनं जातं. शाफ्टचे क्रॉस हातानं आडवे-उभे हलवून बघा. जरा जरी खेळ दिसला तर बदला.

कोन मोजायला आता मोबाइलमधलं पातळी दाखवणारं ॲप चालतं. हे माप मात्र घोडीवर घेऊ नका. गाडी स्वतःच्या चाकांवर, रिकामी उभी हवी, नाहीतर पाटे लोंबतात आणि आकडे खोटे येतात. मोबाइल शाफ्टला आणि पिनियनच्या फ्लँजच्या (शाफ्ट जिथं बोल्टनं जोडतात त्या चकतीच्या) तोंडाला लावून माप टिपा. फ्लँज उभी असते, तिच्या मापातून नव्वद वजा करायला विसरू नका. जोडातला कोन ३ अंशांच्या आत आणि मागच्या शाफ्टच्या दोन टोकांमधला फरक १ अंशाच्या आत हा सर्वसाधारण नियम. तुमच्या मॉडेलचं नेमकं माप सर्व्हिस बुकात असेल तर तेच धरा. आणि मोजामोजीचा कंटाळा असेल तर दुसरा उपाय: एका दुपारी जादा पाटे काढा आणि त्याच रस्त्यावर रिकामी गाडी फिरवा. घूं गेली की वाद मिटला.

आता ‘खट्’. तो वेगळा आहे हे तुम्ही बरोबर ओळखलंत, पण जन्म बहुधा त्याच दिवशीचा. पाटा टाकताना यू-बोल्ट (पाटे हौसिंगला आवळून धरणारे) सोडले, पुन्हा आवळले. नवा पाटा शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर बसतो, आणि बसला की यू-बोल्ट सैल पडतात. ते पुन्हा आवळायला लागतात, वजन चाकांवर असताना, टॉर्क पान्यानं. बरेच जण त्या फेरीला येतच नाहीत. तुम्ही गेला होतात का ते लिहिलं नाहीत, म्हणजे गेला नसावात. यू-बोल्ट सैल राहिले की हौसिंग पाट्यावर सूतभर सरकतं, रेस दिली की पुढं आणि रिव्हर्सला मागं, आणि प्रत्येक वेळी ठोका. टॉर्च घेऊन पाट्याच्या बैठकीजवळ बघा. हालचाल होत असेल तर बैठकीच्या कडेनं गंजासारखी लालसर भुकटी बाहेर आलेली दिसेल, कुंकू सांडल्यासारखी बारीक रेघ, आणि तिच्या शेजारी चिखलातही चकाकणारी लोखंडाची पट्टी. जिथं काही हलत नाही तिथं धूळ एकसारखी बसलेली असते. ही लाल रेघ दिसली तर नुसतं आवळून थांबू नका. पाट्याचा सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) काढून बघायला सांगा. सैल यू-बोल्टनं तो घासून तुटतो, आणि तो तुटला की हौसिंग एका बाजूनं सरकतं. मग गाडी रस्त्यात तिरकी चालते, ते आवाजापेक्षा फार वाईट. यू-बोल्ट एकदा ताणले गेले असतील तर नवे टाका, जुने पुन्हा वापरू नका.

यू-बोल्ट घट्ट असूनही खट् राहिला तरच पुढं जा: क्रॉसचा खेळ, स्लायडिंग जॉइंटमधलं (शाफ्टच्या सरकत्या जोडातलं) कोरडेपण, आणि अगदी शेवटी हौसिंगमधला दातांचा खेळ. त्या वेळीसुद्धा उघडण्याआधी तेल बघा. भरायच्या तोंडाचा बोल्ट काढून बोट आत वाकवलं तर तेल बोटाला लागायला हवं. खालच्या बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावरचा करडा लेप स्वाभाविक आहे. टोचतील असे तुकडे निघाले तर मात्र तुमचे मिस्त्री बरोबर, आणि मग खर्चाला इलाज नाही.

जादा पाटा ठेवायचाच असेल तर हौसिंगच्या बैठकीत तिरपी लोखंडी पाचर बसवून पिनियनचा कोन सुधारता येतो. ते मोजून करायचं काम आहे, अंदाजानं नाही. माझं मत विचाराल तर पाटा काढा. पाटा वाढवला म्हणून गाडीचं पासिंग (कायद्यानं ठरलेली वजनाची मर्यादा) वाढत नाही. ब्रेक तेच, टायर तेच, हौसिंग तेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे. बेदाण्याच्या एका खेपेत दोन बॉक्स जादा नेऊन हा हिशेब बसत नाही, हे बागायतदाराला मी सांगायला नको.

प्रश्न: आम्ही महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी खाली आणतो. पसरणी घाट उतरताना उजव्या वळणावर मागून घरघर येते, डाव्या वळणावर नाही. सरळ रस्त्यावर अगदी बारीक. टायर असेल का? – पिकअपमालक, वाई

उत्तर: टायर असता तर सरळ रस्त्यावरही बोलला असता. उजवीकडं वळताना गाडीचं वजन डाव्या चाकावर झुकतं, तेव्हा पहिला संशय डाव्या मागच्या चाकाच्या बेअरिंगवर. दोन्ही बाजू एकदम बदलू नका, आधी तपासा. मागची चाकं घोडीवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना दगड. एका हातानं चाक फिरवा, दुसऱ्या हाताचा तळवा हौसिंगच्या नळीवर, चाकाच्या अगदी जवळ ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी तळव्याला कळते. मग चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर निकाल लागला. तळव्याला काहीच लागलं नाही आणि वळणावरची घरघर तशीच राहिली, तर हौसिंगमधले कोळी गिअर (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे छोटे गिअर) बघावे लागतील, कारण ते फिरतात फक्त वळणावर.

पण तुमच्या पत्रात मला आवाजापेक्षा घाटाची काळजी वाटते. बऱ्याच पिकअपमध्ये चाकाच्या बेअरिंगशेजारीच ऑइल सील असतं. बेअरिंग डुलायला लागलं की सील फाटतं आणि हौसिंगचं तेल ड्रममध्ये उतरतं. ब्रेकचं लायनर तेलानं भिजलं की त्या चाकाचा ब्रेक गेल्यात जमा, आणि तुमचा रस्ता पाचगणीहून वाईपर्यंत सगळा उतार. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ आहेत का ते आजच बघा. असतील तर दुरुस्ती होईपर्यंत माल दुसऱ्या गाडीनं पाठवा. लायनर भिजलेलं असेल तर ते पेट्रोलनं धुऊन परत बसवायला कुणाला सांगू नका. नवं टाका, आणि एका चाकाचं टाकलं की दुसऱ्याचंही टाका, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतो.

प्रश्न: क्रॉस बदलून घेतले. आधी टिक-टिक होती ती गेली, आता पन्नासला सगळी गाडी थरथरते. क्रॉस डुप्लिकेट असतील? – कराड

उत्तर: असतीलही, पण आधी शाफ्ट बघा. शाफ्ट काढताना खुणा केल्या होत्या का? स्लायडिंग जॉइंट ज्या घरात (खाचेत) होता त्याच घरात परत जायला हवा. एक-दोन घरं इकडंतिकडं झाली तर शाफ्टच्या दोन टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत राहत नाहीत. मग दोन क्रॉस एकमेकांचा घोळ निस्तरायच्या ऐवजी वाढवतात (वर तासगावच्या उत्तरात आहे). काही शाफ्टवर कंपनीचे बाण असतात, ग्रीस पुसलं की दिसतात. बाणासमोर बाण आणा. शाफ्टवर वेल्ड केलेला पत्र्याचा छोटा तुकडा जिथं तुटून गेल्याची खूण दिसते, तिथं बॅलन्स गेलाय. मग तो मशीनवरच करून घ्यावा लागेल. क्रॉसच्या कपांमागच्या लॉक पिना नीट बसल्यात का, तेही बघा. अर्धी बसलेली पिन उडाली तर शाफ्ट रस्त्यावर पडतो.

आणि ती आधीची टिक-टिक क्रॉसचीच होती, हे बरोबर धरलं गेलं. चाकाच्या एका फेऱ्यात चारेकदा वाजत असेल तर शाफ्ट, एकदाच वाजत असेल तर चाक. ताशी दहाला गाडी भिंतीकडेनं चालवली की हे कुणालाही मोजता येतं, भिंत आवाज परत पाठवते.

प्रश्न: स्पीड ब्रेकरवर मागून ‘चींऽ चींऽ’. ड्रायव्हर म्हणतो जळकं ऑइल पाट्यांवर मारू. मारू का? – शिराळा

उत्तर: नको. ऑइलनं दोन दिवस गप्प बसेल, मग त्यावर धूळ चिकटून खरकागद तयार होईल. शिवाय रबरी बुशला ऑइल लागलं की ते फुगून मऊ पडतं. साध्या पाण्याचा पाइप आधी शॅकलच्या बुशवर मारा आणि ब्रेकरवरून जाऊन बघा. मग पाट्यांच्या टोकांवर मारा. जिथं पाणी मारल्यावर आवाज थांबतो तिथं दुखणं. बुश असेल तर बुश बदला आणि त्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. लोंबत्या पाट्यावर आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाटे असतील तर टोकांमधल्या प्लास्टिकच्या चकत्या झिजल्यात, त्या बाजारात सुट्या मिळतात. तुमच्या शॅकलला ग्रीस निपल असेल तर मात्र तिथं बुश रबरी नाही, तिथं ग्रीसच हवं, आणि ते जुनं काळं ग्रीस दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत मारायचं.